अडुसष्ट हजार एकशे तेरा रुपयांची बचत

स्मरणिकेसाठी "काका, तुम्ही पंचवीस वर्षांच्या आठवणी लिहा" असा आपल्या कमिटीचा आग्रह होता. लिहायला बसलो आणि लक्षात आले की, आपल्या बहुतेक आठवणी पाणी, गळती आणि पार्किंग या तीन विषयांभोवतीच फिरतात. त्या तुम्हाला माझ्याइतक्याच ठाऊक आहेत. म्हणून ठरवले की, यंदा आपल्या इमारतीविषयी न लिहिता दुसऱ्या एका इमारतीविषयी लिहावे. मात्र लिहिता लिहिता मी फिरून आपल्याच गच्चीवर आलो. ते कसे, हे शेवटी कळेल.

ती इमारत म्हणजे मुंबई महानगरपालिकेचे मुख्यालय. बोरीबंदरसमोरचे.

नोकरीची एकवीस वर्षे मी फोर्टमधल्या शाखेत काढली. सकाळी भिवंडीहून एस.टी.ने ठाणे, तिथून फास्ट लोकलने व्ही.टी. असा रोजचा प्रवास. (१९९६ मध्ये स्टेशनचे नाव छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, पुढे त्यात 'महाराज' आले, पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून व्ही.टी.च बसले आहे.) स्टेशनातून बाहेर पडले की समोर हीच इमारत. एकवीस वर्षांत मी तिच्याकडे किती वेळा मान वर करून पाहिले असेल? दहा वेळा तरी पाहिले असेल की नाही, शंका आहे. सकाळी मस्टर गाठायचे असायचे आणि संध्याकाळी लोकल. मनोऱ्याखालून जाताना लक्ष असायचे ते समोरून येणाऱ्या बसकडे.

गेल्या हिवाळ्यात माझी नात म्हणाली, "आबा, महापालिकेची इमारत आतून बघायला मिळते आता. येणार का?" ती आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२१ पासून तिथे शनिवार-रविवारी माहितगारांबरोबर फेरी काढतात, नाव नोंदवून जाता येते. मी म्हटलं, "अगं, सरकारी कचेरीत बघायचं काय? फायली?" ती म्हणाली, "चला तर खरं."

गेलो. ओळखपत्र दाखवून, तपासणी होऊन आत शिरलो.

दोन रस्त्यांच्या बेचक्यात

आधी बाहेरून. दादाभाई नौरोजी रोड आणि महापालिका मार्ग हे दोन रस्ते जिथे येऊन मिळतात, त्या कोपऱ्यावर ही इमारत उभी आहे. जागा चौरस नाही, रस्त्यांच्या बेचक्यातली आहे. अशा जागेवर साधा माणूस चौकोनी इमारत बसवायला जाईल आणि कोपरे वाया घालवील. इथे वास्तुशिल्पकाराने अडचणीचाच उपयोग केला. निमुळते टोक स्टेशनकडे ठेवले, तेच इमारतीचे तोंड केले, त्यावर मनोरा चढवला आणि दोन्ही रस्त्यांना धरून मागे दोन बाजू सोडल्या. मनोऱ्याची उंची २५५ फूट. त्यामुळे स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला इमारत जणू पुढे होऊन सामोरी येते.

हे काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे. समोरचे व्ही.टी. स्टेशनही त्यांचेच. चर्चगेटसमोरचे जुन्या बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचे, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेचे मुख्यालय आणि आज जिथे राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे ती जुनी सेलर्स होमची इमारतही त्यांचीच. इंग्लंडमधल्या बाथ गावचा हा माणूस १८६७ मध्ये, वयाच्या विशीत हिंदुस्थानात आला आणि १९०० मध्ये मुंबईतच वारला. मुंबईचा जो चेहरा आपण पोस्टकार्डावर पाहतो, त्यातला मोठा भाग या एका माणसाच्या हातचा आहे.

ही इमारत त्यांच्याकडे सहज आली नाही. दुसरा आराखडा होता रॉबर्ट चिझम यांचा. मद्रासचे सिनेट हाऊस त्यांचे, आणि बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे कामही त्यांनीच पुरे केले. चिझम यांचा आराखडा देशी वळणाचा होता, तर स्टीव्हन्स यांचा गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चसारखा, टोकदार कमानींचा. शेवटी स्टीव्हन्स यांचा आराखडा मंजूर झाला.

पण गंमत अशी की, उभे राहून नीट पाहिले तर ही इमारत निव्वळ विलायती वाटत नाही. कमानी टोकदार आहेत, पण त्यांना आपल्याकडच्या महिरपींसारख्या पाकळ्या आहेत. वरचे घुमट कांद्यासारखे फुगीर आहेत. नात म्हणाली, "आबा, व्ही.टी. बांधून झाल्यावर स्टीव्हन्सचा हात बदलला होता. इथं त्यानं देशी घुमट घेतले." मी म्हटलं, "म्हणजे मंजूर एकाचा झाला आणि दुसऱ्याचंही थोडं आत आलं." बँकेत याला आम्ही तडजोड म्हणत असू. इथे ती शोभून दिसते.

मनोऱ्याखालच्या त्रिकोणी माथ्यावर पंख असलेल्या स्त्रीची एक मूर्ती आहे. ती म्हणजे 'उर्ब्ज प्रायमा इन इंडिस', हिंदुस्थानातली पहिली नगरी. लॅटिनमधला हा दिमाख त्या काळच्या मुंबईला शोभणारा होता.

पायाभरणी आणि रिपनसाहेब

१८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, तेव्हा कचेरी गिरगाव रस्त्याच्या टोकाला एका साध्या इमारतीत होती. १८७० मध्ये ती काळा घोड्याच्या बाजूला एस्प्लनेडवर गेली. स्वतःची, शहराला शोभेल अशी इमारत हवी म्हणून डिसेंबर १८८४ मध्ये पायाभरणी झाली, ती व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण दगड बसवणारा हात महत्त्वाचा होता. मे १८८२ मध्ये रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला होता. गावचा आणि शहराचा कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांनी करावा. सुरुवातीला तो साहेबांइतका चोख होणार नाही, पण कारभार करता करताच लोक कारभार शिकतील, असा त्याचा आशय. आपण आज 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणतो, तिचे मूळ बऱ्याच अंशी या ठरावात आहे. पायाभरणी झाली त्याच महिन्यात रिपन यांची कारकीर्द संपली आणि ते मायदेशी गेले. जाता जाता मुंबईत त्यांच्या हातून झाले ते एका नगरपालिकेच्या घराच्या पायाभरणीचे काम.

पाठोपाठ १८८८ चा मुंबई महापालिका कायदा आला. त्यामागे फिरोजशहा मेहता यांची मोठी मेहनत होती. आज इमारतीसमोर त्यांचाच पुतळा आहे, तो १९२३ मध्ये बसवला गेला. या कायद्याने महापालिकेत ७२ सभासद ठरले. त्यातले निम्मे, म्हणजे ३६, वॉर्डांतून निवडून येणार. पण मत कोणाला? कर भरणाऱ्यांना. ज्यांच्या घामावर मुंबई चालत होती, त्या गिरणी कामगाराला, हमालाला, पाणक्याला मत नव्हते. सर्व सज्ञान स्त्री-पुरुषांच्या मतांवर पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर. म्हणजे ही वास्तू 'लोकांची' म्हणून उभी राहिल्यावर सगळ्या लोकांना तिच्या दारातून आत यायला आणखी अर्धे शतक लागले. तिचे कौतुक करताना हेही लक्षात ठेवावे.

जिना, व्हरांडे आणि सभागृह

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती गारवा. बाहेर ऊन चढले होते, पण आत पंख्याशिवायही जीव घाबरा होत नव्हता. भिंती जाड, छत उंच आणि खोल्यांच्या बाहेर कमानींचे रुंद व्हरांडे. ऊन खोलीच्या भिंतीपर्यंत पोहोचतच नाही, ते व्हरांड्यातच अडते. पावसाळ्यातही तेच, झड कमानीशी थांबते. मी नातीला म्हटलं, "आपल्या भिवंडीच्या जुन्या वाड्यांना पडवी असायची ना, तीच ही. फक्त दगडातली."

मुख्य जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की घुमटाचा आतला भाग दिसतो. रंगीत काचांतून येणारा उजेड पायऱ्यांवर उतरतो. कठड्यावर, खांबांच्या माथ्यावर पाने, फुले, पक्षी कोरलेले आहेत. त्या काळी मुंबईच्या मोठ्या इमारतींत भिंतींसाठी कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड वापरीत आणि बारीक कोरीवकामासाठी पोरबंदरचा मऊ दगड. कोणत्या कामाला कोणता दगड, हे पाथरवटाला माहीत असायचे.

नातीने मला एक गोष्ट शिकवली. गॉथिक इमारतींत भिंतीच्या बाहेर जनावरांची तोंडे काढलेली असतात. आपल्याला वाटते, ती शोभेसाठी. मूळ काम वेगळे. छपरावरचे पाणी त्या तोंडांतून भिंतीपासून लांब फेकले जावे, म्हणून ती रचना. म्हणजे पन्हळीच त्या. "पाणी भिंतीवर थांबू द्यायचं नाही, आबा. इमारत पाण्यानं मरते," ती म्हणाली. हे वाक्य ऐकून मी गप्प झालो. त्याचे कारण पुढे सांगतो.

मग सभागृह. साधारण ६८ फूट लांब, ३२ फूट रुंद आणि ३८ फूट उंच. वर सागवानी छत, भिंतींशी जुन्या कारभाऱ्यांचे पुतळे आणि तसबिरी, वर प्रेक्षकांचा सज्जा. २००० मध्ये इथे आग लागून बरेच नुकसान झाले होते. नंतर ते पूर्वीसारखेच पुन्हा उभे केले. माहिती नसेल तर आज ते ओळखू येत नाही.

या सभागृहात बसून माणसांनी गटारे, पाणी, दिवे, शाळा यांवर वाद घातले. कामे कंटाळवाणीच. पण एक उदाहरण सांगतो. इमारत पुरी होऊन तीन वर्षे होताहेत तोच, सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला. रोगी तपासून "हा गाठीचा प्लेग आहे" असे ठामपणे सांगणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे याच महापालिकेचे सभासद होते. बाहेर संगमरवर आणि रंगीत काचा, आणि पलीकडे मांडवीच्या चाळींत अंधार, घाण आणि माणसांची दाटी. सुंदर इमारत बांधल्याने शहर आपोआप सुंदर होत नाही, हे मुंबईने फार मोठी किंमत मोजून पाहिले.

आपल्याएवढी मुंबई

आता भिवंडीकरांसाठी एक हिशेब. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या होती ८,२१,७६४. आपल्या भिवंडीची २०११ ची लोकसंख्या आहे ७,०९,६६५. म्हणजे ही इमारत उभी राहत होती तेव्हाची मुंबई साधारण आजच्या भिवंडीएवढी होती! आपण मुंबईकडे पाहून म्हणतो, "त्यांचं सगळंच मोठं, आपलं काय?" पण तेव्हा ते आपल्याएवढेच होते.

आणि तेवढ्या शहराने एकाच सुमारास दोन कामे पुरी केली. १८९२ मध्ये तानसाचे धरण आणि १८९३ मध्ये ही इमारत. तानसा आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यात. तिथून मुंबईला जाणारे मोठे नळ आपल्या भिवंडी तालुक्यातून जातात, ते आपण लहानपणापासून पाहतो. मुंबईचे पाणी शुद्ध करणारे पांजरापूरचे केंद्रही आपल्याच तालुक्यात, आणि भिवंडीच्या पाण्याचा काही भाग आजही मुंबई महापालिकेकडून येतो. तेव्हा त्या सभागृहात कधीकाळी पाण्यावर जे वाद झाले, त्यातला एखादा घोट आपणही पितो असे म्हणायला हरकत नाही.

आपल्या भिवंडी-निजामपूर नगरपालिकेचा जन्मही १८६० च्या दशकातलाच. ती महानगरपालिका झाली या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे आपली सोसायटी आणि आपली महानगरपालिका एकाच वयाच्या. दोघींचा रौप्यमहोत्सव मागेपुढे.

हिशेबाचा कागद

आता मूळ मुद्द्यावर येतो. बँकेतला माणूस कोणत्याही वास्तूत गेला, तरी शेवटी विचारणारच, "खर्च किती आला?"

तर खर्चाचा आकडा असा. मंजूर रक्कम ११,८८,०८२ रुपये. प्रत्यक्ष खर्च ११,१९,९६९ रुपये. बचत ६८,११३ रुपये. काम सुरू २५ एप्रिल १८८९, काम पूर्ण ३१ जुलै १८९३. सव्वाचार वर्षे.

मी हा आकडा दोनदा वाचला. माझ्या अडतीस वर्षांच्या नोकरीत बांधकामाची कर्जे मी शेकड्यांनी पाहिली. घराचे असो, कारखान्याचे असो, नाहीतर आपल्याकडच्या यंत्रमागाच्या शेडचे असो, अंदाजपत्रकापेक्षा कमी खर्चात पुरे झालेले काम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इथे २५५ फुटी मनोरा, घुमट, कोरीवकाम, सागवान, सगळे करून जवळपास पावणेसहा टक्के रक्कम शिल्लक!

आणि नावांची नोंद आहे. वास्तुशिल्पकार स्टीव्हन्स. कार्यकारी अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, ज्यांनी व्ही.टी. स्टेशनच्या कामातही स्टीव्हन्स यांच्याबरोबर काम केले होते. कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार. मोठ्या इमारतीचे नाव साहेबाच्या नावाने चालते, पण रोज ओळंबा लावून भिंत तपासणारा अभियंता आणि दगड, चुना, मजूर वेळेवर आणणारा कंत्राटदार आपल्याच मातीतले होते. पाथरवटांची आणि बिगाऱ्यांची नावे मात्र कुठे नाहीत. ती कधीच नसतात.

आपल्या इमारतीचा विचार करा. बिल्डरचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपल्या इमारतीचा स्ट्रक्चरल इंजिनीअर कोण, स्लॅब कोणी भरला, हे कोणाला आठवते? मी कपाटातल्या सगळ्या फायली पाहिल्या. एका नकाशावर पुसट सही आहे, नाव वाचता येत नाही.

माझी बचत

आता ती गच्चीची गोष्ट, जी मी आजवर एवढ्या उघडपणे कबूल केलेली नाही.

निवृत्त झाल्यावर मी आपल्या सोसायटीचा खजिनदार होतो. गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे ठरले. सर्वसाधारण सभेने सहा लाख मंजूर केले. तीन कोटेशने आली. सर्वांत कमी होते चार लाख पस्तीस हजारांचे. दोघा-तिघांनी सांगितले की, कोबा उकरून नव्याने करायला हवा, हा माणूस वरच्यावर लेप देतोय. मी ऐकले नाही. बँकेतली सवय: सर्वांत कमी रकमेला मंजुरी. काम झाले आणि पुढच्या सभेत मी उभे राहून अभिमानाने सांगितले, "मंजूर सहा लाख, खर्च चार पस्तीस, बचत एक लाख पासष्ट हजार." टाळ्या पडल्या. इतिवृत्तात माझ्या आभाराचा ठराव आहे.

दुसऱ्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या एका घरात स्वयंपाकघराच्या छताचा प्लॅस्टर पडला. पोळ्या लाटून ताई नुकत्याच बाहेरच्या खोलीत आल्या होत्या. पाच मिनिटे आधी पडला असता तर? त्या माउलीने मला कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. जिन्यात भेटल्या की "काका, तब्येत बरी ना?" एवढेच विचारायच्या. तेच मला जास्त लागायचे. मग सगळा कोबा उकरला, नवीन केला आणि साडेसात लाख गेले. माझी बचत सोसायटीला अशी महागात पडली.

म्हणून त्या दिवशी सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात उभा असताना ६८,११३ हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. त्यांनीही वाचवले, मीही वाचवले. त्यांची इमारत एकशे तीसहून अधिक पावसाळे काढून उभी आहे. माझ्या कामाने दोन काढले नाहीत. फरक कुठे पडला? त्यांनी जे करायचे ते आधी पुरते ठरवले, त्याची खरी किंमत धरली आणि मग कामात उधळमाधळ होऊ दिली नाही. मी आधी रक्कम कमी केली आणि तिच्यात जेवढे काम बसेल तेवढे घेतले. कागदावर दोन्हीला बचत म्हणतात. चाळीस वर्षे आकड्यांत घालवून हा फरक मला पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर एका जुन्या कचेरीच्या व्हरांड्यात कळला.

नातीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "आबा, आणि ती इमारत नुसती बांधून सोडली नाही त्यांनी. आग लागली, पुन्हा केली. दगड धुतात, लाकूड तपासतात. बघणारं कोणीतरी आहे म्हणून ती आहे."

आपल्यासाठी

सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याच शहरात, पटेल कंपाउंडमध्ये, पहाटे झोपेत असताना तीन मजली इमारत कोसळली. तीसहून अधिक माणसे गेली, त्यात लहान मुले होती. त्या इमारतीने चाळिशीही गाठली नव्हती. त्या दिवसांत आपल्या जिन्यातही सगळे कुजबुजत होते, "आपली ठीक आहे ना?" महिनाभर चर्चा झाली. मग दिवाळी आली आणि विषय मागे पडला.

आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचे असते आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. दुरुस्ती निधीसाठी दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी किमान पाव टक्का वर्गणी धरलेली आहे. दोन्ही मिळून वर्षाला एक टक्का. एखाद्या घराच्या बांधकामाचा खर्च तेव्हा तीन लाख धरला, तर वर्षाला तीन हजार, महिन्याला अडीचशे रुपये. आणि आपण प्रत्येक सभेत भांडतो ते या अडीचशे रुपयांवरून! मीही भांडलो आहे, ते इतिवृत्तातच आहे, नाकारून काय उपयोग?

रौप्यमहोत्सवाला रोषणाई होईल, जेवण होईल, मुलांचे कार्यक्रम होतील. जरूर व्हावेत. त्याबरोबर माझ्या दोन सूचना आहेत. एक, यंदाच्या ऑडिटचा संपूर्ण अहवाल, त्यातल्या वाईट गोष्टींसकट, खालच्या नोटीस बोर्डावर लावावा. दुसरी, प्रवेशद्वारापाशी एक साधी फरशी बसवावी आणि तीवर पुढच्या मोठ्या दुरुस्तीची नोंद कोरावी: मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, सुरुवात, समाप्ती, इंजिनीअर आणि कंत्राटदार यांची नावे. पुढच्या पंचवीस वर्षांत ज्या मुलांच्या हाती ही सोसायटी जाईल, त्यांना फायली उपसत बसायला नको. आणि आपले नाव दगडात जाणार म्हटले की माणूस कामही जरा जपून करतो.

परत येताना व्ही.टी.च्या दारात थांबून मी मागे वळून पाहिले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच लोकलची घाई नव्हती. मनोऱ्यावर संध्याकाळचे ऊन पडले होते आणि दगडाचा रंग गव्हासारखा दिसत होता. नात फोटो काढत होती. मी म्हटलं, "माझाही एक काढ, तो मनोरा येऊ दे मागे."

तो फोटो कमिटीकडे दिला आहे. छापला तर बघा. शक्य झाले तर मुलाबाळांना घेऊन एका रविवारी ती इमारत पाहून या, आणि घरी परतल्यावर जिना चढून एकदा आपल्या गच्चीवरही जा.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

— बी विंगमधील एक सभासद, निवृत्त बँक अधिकारी